आत्यांची खिडकी

"जयू, माळ्याला काय लावायचं ते लावा. पण माझी खिडकी तेवढी बुजवू नका. देवळाचं शिखर दिसल्याशिवाय मी घास घेत नाही, ठाऊक आहे ना?"

सुलूआत्यांचं हे शेवटचं सांगणं. माझ्या धाकट्या बहिणीनं, जयूनं, त्यांचा हात धरून 'हो' म्हटलं होतं.

तिच्या नवऱ्यानं, अरविंदनंही. आत्या त्याच्याच ना!

मी शपथ घेत नाही, माझ्या नेमात बसत नाही. पण हे खरं आहे. उज्जैनला, देवास गेटच्या मागे त्यांच्या घरात, ह्याच वैशाखात घडलेलं. तेही भर दुपारी. मला अजून त्या घरात जेवायला बसवत नाही.

माळ्यावर टीनचे पत्रे. नुसती भट्टी! लेकीला, सायलीला, अभ्यासाला खोली हवी, म्हणून पत्र्याखाली काय लावायचं यावर घरात रोज खल. ग्लासवूलची कुसं टोचतात. थर्माकोल उंदीर कुरतडतात, पण ते खिडकीपुरतं कापता येतं.

"थर्माकोलच," जयू म्हणाली.

"तू म्हणशील तसं," अरविंद म्हणाला. "जा, ताईकडे राहून ये जरा."

ती माझ्याकडून परतली, तर माळाभर पिवळट फोम फवारलेला. भिंत कुठली, खिडकी कुठली, कळेना.

"फोमवाला भैय्या बोलला, इसमें सुई की जगह नहीं बचती," अरविंद खुशीत होता. "बघ, कसं गारेगार!"

"अहो... खिडकी?"

"अगं, सगळी गरमी तिथूनच तर यायची. आत्या गेली. आता कोण बघतंय शिखर?"

आपल्याला माझ्याकडे का धाडलं, ते जयूला तेव्हा उमगलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखा आत्यांच्या नावाचा घास मागच्या ओट्यावर ठेवला.

कावळा आला. घासाकडे बघितलं... मग वर, बुजलेल्या खिडकीकडे.

आणि उडून गेला.

मग रोजच तसं.

फोममुळे घर असं मुकं झालेलं, की आपलाच श्वास ऐकू यावा. त्या शांततेत, माळ्यावर...

खर्र... खर्र...

"उंदीर," अरविंद म्हणाला.

"फोमला उंदीर लागत नाहीत, तुम्हीच म्हणालात."

वर कुणीच नव्हतं. फक्त खिडकीच्या जागी बोटांनी उकरल्यासारखा खळगा... आणि खाली पिवळा चुरा.

अरविंदनं खळगा भरून घेतला. तो पुन्हा उकरलेला. त्यानं पुन्हा भरून घेतला, आणि हात धुऊन जेवायला बसला.

घास उचलला... हात तोंडापाशीच थांबला.

"अहो, जेवा ना."

त्यानं मान हलवली. डोळे भिंतीवर.

"दिसत नाही गं..."

आवाज त्याचा नव्हता.

जयूनं त्याच्या पानावर ताट झाकलं. पदर खोचला. भाजीची सुरी घेतली.

माळ्यावर खर्रखर्र चालूच होती.

"आले हं, आत्या," ती हळूच म्हणाली, आणि जिन्यावर पाय ठेवला.

वरचा आवाज थांबला...

वाट बघत असल्यासारखा.