उलगड्याची बैठक

उलगड्याच्या बैठकीला जाताना लोक चांगले कपडे घालून जात आणि सोबत काहीतरी गोड नेत. ही रीत कोणी पाडली कोण जाणे, पण त्या काळात संशोधनाला बसणं महाराष्ट्रात इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरटी कोणी ना कोणी कुठल्यातरी प्रयोगात असायचंच. कोणी झोपेच्या, कोणी साखरेच्या, तर कोणी नुसत्याच म्हातारपणाच्या. पूर्वी लोक रक्तदान करून आल्यावर दंडावरची पट्टी मिरवत, तसं आता 'मी संशोधनाला बसलेय' हे चारचौघांत सांगत. मग सरकारनं कायदा केला, आणि एरवी सरकारला नावं ठेवणाऱ्यांनीही मान्य केलं, की कायदा चांगला आहे. प्रयोगातल्या माणसापासून शास्त्रज्ञांनी जे जे लपवलं असेल, ते ते प्रयोग संपल्यावर त्याला समोर बसवून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. याच बैठकीला उलगडा म्हणत. बहुतेक उलगडे मजेचे असत. 'काकू, तुम्हाला दिलेली गोळी नुसत्या पिठाची होती,' असं सांगितलं की काकू हसत, डॉक्टर हसत, आणि मग डबा उघडला जाई.

शाल्मली भिलारेनं गुळपोळ्या नेल्या होत्या. पाचगणीच्या पठाराखालच्या त्या संशोधन केंद्रात ती दोन वर्षं येत होती आणि डॉक्टर यामिनी फणसळकरांना गुळपोळी आवडते हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांविषयी तिला बरंच ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटत होतं.

आता मागचं थोडं सांगायला हवं. शाल्मली आणि केतकी राजपुरे या दोघींची स्ट्रॉबेरीच्या रोपांची नर्सरी होती. त्या भागातली स्ट्रॉबेरी उन्हाळे वाढल्यावर जवळजवळ संपली होती. बागा ओस पडल्या आणि माणसं खाली वाईकडे कामाला जाऊ लागली. तेव्हा या दोघींनी बारा-पंधरा वर्षं मातीत हात घालून, ऊन सोसणारं एक वाण तयार केलं. ज्या मूळ रोपांपासून पुढची सगळी रोपं निघतात त्यांना मातृरोपं म्हणतात. ती मातृरोपं दोघींनी लेकरांसारखी सांभाळली होती. शाळेपासूनची मैत्री होती. एकीच्या घरी कालवण कमी पडलं तर दुसरीच्या घरून यायचं, आणि भांडण झालं तरी चहाच्या वेळेपर्यंत टिकायचं नाही.

अशाच जोड्या डॉक्टर फणसळकरांना हव्या होत्या. एकमेकांच्या भरवशावर ज्यांचं पोट आहे, अशा. दोघींच्या कानामागे त्यांनी एकेक चकती चिकटवली. कुंकवाच्या टिकलीएवढीच होती, म्हणून सगळे तिला टिकलीच म्हणत. 'एकत्र काम करताना ताण किती येतो ते ही मोजते,' असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

वर्ष उलटलं. शाल्मली वडिलांच्या आजारपणासाठी माहेरी गेली असताना केतकी मातृरोपं घेऊन एका मोठ्या कंपनीकडे, दूर कुमाऊंच्या डोंगरात निघून गेली. शाल्मली परतली तेव्हा काचघरातली मातृरोपांची बाकं रिकामी होती. त्यानंतरचे महिने शाल्मलीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. उठवत नसे, जेवण जात नसे. नवऱ्यानं, अनिकेतनं, नुसतं 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हटलं तरी हा परत येईल ना, असं तिला वाटायचं. तिला त्या गर्तेतून बाहेर काढलं ते फणसळकर डॉक्टरांनी. दर आठवड्याला त्या तिला समोर बसवून ऐकत. 'केतकीशी अजिबात बोलू नका, तिचे फोन घेऊ नका, जखम भरू द्या,' असं त्यांनीच सांगितलं होतं. शाल्मलीनं ते अक्षरशः पाळलं. सगळं जग फिरलं तरी एक माणूस आपल्या बाजूचं आहे, या आधारावर ती पुन्हा उभी राहिली.

म्हणून गुळपोळ्या.

"बसा, शाल्मलीताई," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "टिकली लावलीय ना? असू दे. बैठक संपली की काढू."

समोरच्या पडद्यावर एक रेष होती. सपाट चालता चालता मध्येच तिचे उंचवटे होत होते, आणि पुढेपुढे तर उंचवट्यांचे डोंगर.

"आम्ही तुम्हाला सांगितलं, की टिकली ताण मोजते. ते खरं नव्हतं. टिकली पूर्वजाण मोजते."

"म्हणजे काय?"

"सांगते. जवळच्या माणसापासून आपण काही लपवत असलो, की घशातले स्नायू किंचित आवळतात. आवाजात बारीक कंप येतो. ऐकणाऱ्याच्या मनाला तो कळत नाही, पण अंगाला कळतो. कातडीचा ओलावा बदलतो, ठोके जरा पुढेमागे होतात. आपल्याशी लबाडी होतेय, हे शरीराला मनाच्या कितीतरी आधी समजलेलं असतं. त्याला आम्ही पूर्वजाण म्हणतो. ती आली की ही रेष उचलते."

"आणि मन?"

"मन कानावर हात ठेवतं. त्या माणसावर आपलं सगळं उभं असतं, मग ऐकून करायचं काय? शरीराला कळलंय आणि मन मानत नाही, या दोहोंमध्ये जे अंतर पडतं त्याला आम्ही दरी म्हणतो. दरी जितकी रुंद, तितकं पुढे येणारं नैराश्य खोल. ही चिंता, ही झोप उडणं, सगळं त्या दरीतून येतं. हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण फसवलं गेलेलं माणूस डॉक्टरकडे येतं ते फसवलं गेल्यानंतर. आधीपासून मोजलेलं माणूस कुणाकडेच नव्हतं."

शाल्मली पडद्याकडे बघत होती. समजायला अवघड असं काही नव्हतंच. पहिला डोंगर केतकी जाण्याच्या कितीतरी आधीचा होता. लागवडीच्या दिवसांत, दोघी शेजारीशेजारी बसून ट्रे भरत होत्या तेव्हा.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"आम्हाला रेष दिसत होती."

"डॉक्टर, सरळ बोला. ती जाणार हे तुम्हाला माहीत होतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हो."

"आणि मी तुमच्यासमोर ह्याच खुर्चीत बसून सांगायची, केतकी आहे म्हणून मला काळजी नाही. तेव्हाही?"

"तेव्हाही."

"वादळ येणार हे वेधशाळेला कळलं की होड्या माघारी बोलावतात हो. वादळात माणूस कसा बुडतो ते बघत नाहीत बसत."

"तुम्हाला सांगितलं असतं तर दरी तिथेच बुजली असती. मग मोजणार काय?" डॉक्टरांचा आवाज मऊच होता. नेहमी असायचा तितकाच मऊ, आणि त्याचीच शाल्मलीला आता शिसारी आली. "ह्या मोजमापावरून उद्या हजारो लोकांना वेळेवर उपचार मिळतील. तुम्ही संमती दिली होती, ताई."

"ताई म्हणू नका मला."

बाहेर कोणाचातरी उलगडा संपला असावा. टाळ्या वाजल्या, कोणीतरी मोठ्यानं 'घ्या घ्या, अजून एक घ्या' म्हणत होतं.

"अजून आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कायद्यानं सगळं सांगावं लागतं."

"अजून काय उरलंय?"

"केतकीबाई जाण्याआधी माझ्याकडे आल्या होत्या. कंपनीचं बोलावणं आलंय म्हणाल्या. होकार दिलेला नव्हता त्यांनी. रडत होत्या. शालूला आजच सगळं सांगते, कसं सांगू तेवढं शिकवा, म्हणाल्या. मी म्हटलं, घाई करू नका. प्रयोगाचा हा टप्पा संपू दे, मग सांगा."

शाल्मलीला आधी राग आलाच नाही. वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग समजलं, आणि ते सोसवेना. केतकी सांगणार होती. त्या संध्याकाळी चहाच्या वेळेला तिनं सांगितलं असतं, दोघी कडाकडा भांडल्या असत्या, शाल्मलीनं तिला नाही नाही ते सुनावलं असतं, आणि काहीतरी मार्ग निघाला असता. निघाला नसता, तरी रिकामी बाकं बघावी लागली नसती.

"आणि तिचे फोन घेऊ नका म्हणालात ते? जखम भरू द्या म्हणालात ते?"

"त्या माफी मागत होत्या. माफी कानावर पडली असती तर पुढची मोजणी गढूळ झाली असती. नैराश्य स्वतःहून किती दिवसांत ओसरतं, ते बघायचं होतं."

"मी मेले असते तर?"

"आमचं लक्ष होतं तुमच्यावर."

"लक्ष!" शाल्मली उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. "अहो, केतकीनं रोपं नेली. तुम्ही माझी मैत्रीण नेलीत. आणि वर माझेच डोळे पुसत बसलात! मी आईला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं. देवापुढे बोलले नाही ते तुमच्यापुढे बोलले. केतकीनं निदान पाठ फिरवून तरी केलं, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत केलंत."

डॉक्टर वाईट बाई नव्हत्या. त्यांची बहीण अशाच एका फसवणुकीनंतर अंथरुणाला खिळली होती आणि त्यातून उठलीच नाही, त्यातूनच हा सगळा अभ्यास सुरू झाला होता. पण हे त्यांनी शाल्मलीला कधी सांगितलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही, कारण ते लपवणं प्रयोगाचा भाग नव्हतं.

शाल्मलीनं कानामागची टिकली ओरबाडून काढली आणि टेबलावर टाकली. पर्समधून फोन काढला. केतकीचा नंबर तिनं पुसला होता, पण बोटांना तो पाठ होता.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"शालू?" पलीकडून आवाज आला. मग नुसताच श्वास. "शालू, तूच ना गं?"

"तू डॉक्टरांकडे गेली होतीस? जायच्या आधी?"

"गेले होते. तुला सांगणारच होते मी. त्या म्हणाल्या थांब. आणि..." केतकी अडखळली. "खोटं नाही बोलत, मलाही थांबायचंच होतं. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. कोणीतरी थांब म्हणालं, बरंच झालं, असं वाटलं मला. तेवढं पाप माझंच."

शाल्मलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी किती फोन केले तुला! शालू, ऐक, इथं माझं काही खरं नाही. वाण कंपनीच्या नावावर लागलं, मला कुणी विचारत नाही. पण मी चार मातृरोपं बाजूला ठेवलीत, कुणाला न सांगता. तू नुसतं ये म्हण, उद्याच्या गाडीनं घेऊन निघते. पाया पडते तुझ्या."

एवढंच तर हवं होतं. एवढ्या महिन्यांत, उशीत तोंड खुपसून, शाल्मलीनं हेच तर ऐकायची आस धरली होती. आता म्हणायचा तो 'ये' हा एक शब्द. तो ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडकला.

कारण लागवडीच्या दिवसांतही हाच आवाज होता. अस्साच, ओलसर, शालू शालू करणारा. तेव्हा अंगाला कळत होतं आणि तिला कळलं नव्हतं. फणसळकर डॉक्टरांचा मऊ आवाजही तिनं महिनोन्महिने ऐकला होता आणि त्यातही तिला काही कळलं नव्हतं. मग आता हे जे खरं वाटतंय, ते कोणाला वाटतंय? अंगाला, की पुन्हा कानावर हात ठेवून बसलेल्या मनाला? चार रोपं खरंच आहेत का? की कंपनीनंच पाठवलंय हिला, उरलंसुरलं शिकून घ्यायला? असं काही आपल्या मनात येऊ शकतं, याचं तिला स्वतःलाच भय वाटलं. पण आलं होतं, आणि जात नव्हतं.

"केते, थांब जरा. फोन ठेवू नकोस," ती म्हणाली.

तिनं टेबलावरची टिकली उचलली. कानामागे नीट दाबून बसवली. फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि तो डॉक्टरांच्या पुढ्यात, गुळपोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

"बोल आता. परत बोल. चार रोपं आहेत म्हणालीस ते."

"आहेत गं. शप्पथ आहेत. माझ्या खोलीत, खिडकीत. का? काय झालं?"

शाल्मली डॉक्टरांकडे वळली. ज्या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं तिनं क्षणापूर्वी ठरवलं होतं, तिच्याकडे.

"बघून सांगा," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, अजीजी होती. "ही खरं बोलतेय का?"

डॉक्टरांनी चष्मा चढवला. पडद्यावर आत्ता चालू असलेली रेष त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"खरं बोलतायत," त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात रेष जराशी उचलली. अगदी थोडी, पण शाल्मलीला ती दिसली. केतकीच्या बोलण्यानं उशिरा उचलली, की डॉक्टरांच्या आत्ताच्या ह्या दोन शब्दांनी, हे वाचता येणारं माणूस त्या खोलीत एकच होतं. आणि टेबलावरच्या फोनमधून केतकी विचारत होती, "शालू? आहेस ना गं तू?"