डावऱ्या हाताची धार

आम्ही नालबंद. आज मी चिंचवडच्या एका कंपनीत भट्टीवर आहे, पण कुणी विचारलं की आधी नालबंद म्हणूनच सांगतो. त्यात लाज कसली? मुंबईच्या रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाड्या कासारवाडीत थांबायच्या त्या आमच्या आजोबांच्या हातचे नाल मारून घ्यायला. तेव्हा या कंपन्यांचा पत्ताही नव्हता.

एकच डाग होता. हेच आजोबा, दस्तगीर, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी शेजारच्या पाटलांच्या गोठ्यात बैलाला नाल मारायला गेले, ते परत आलेच नाहीत. सकाळी बैल रस्त्यावर मोकळा सापडला. तीन पायांना नाल होते, चौथा तसाच. गोठ्याची मागची भिंत रात्री पावसानं खचली होती, ती माती कुणी उपसलीच नाही. त्या गडबडीत नालबंद काम टाकून पळाला, असं ठरलं. तेव्हापासून आम्ही पळपुट्याच्या घरचे. माझ्या बापानं जन्मभर हे ऐकलं आणि ऐकतच गेला. मला कुणी तोंडावर म्हटलं तर मी गचांडी धरायचो, पण पाठीमागं बोलणाऱ्याचं काय करणार?

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. गुरुवार होता. आपल्याकडं गुरुवारी कंपन्या बंद, मशिनं बंद, सगळीकडं चिडीचूप. मी पिशवी घेऊन सुके बोंबील आणायला निघालो होतो, तर त्या पाटलांचे नातू उद्धवराव यांनी हाक मारली. जुन्या गोठ्याच्या जागी त्यांना लेथसाठी शेड घालायची होती. पाया खणताना पडक्या भिंतीच्या मातीत एक हत्यार निघालं होतं.

"युनूसभाऊ, तुम्ही लोखंडातले. हे काय असेल सांगा बरं. मला तर चांभाराची रापी वाटते."

बाजेवर त्यांच्या आत्या बसल्या होत्या, अंबूबाई. ऐंशीच्या घरातल्या. आजोबा गेले त्या संध्याकाळी त्या लहान पोर होत्या, याच घरात. आमच्या आजोबांना पळपुटा म्हणणाऱ्यांत त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा.

मी हत्यार हातात घेतलं.

"रापी कसली, उद्धवराव. ही मान बघा कशी वाकवलीय. खुराला बोटं घासू नयेत म्हणून. नाल मारायच्या आधी बैलाचे खूर तासायचं हत्यार आहे हे. आमच्या घरात याला सुमतराश म्हणतात."

"जुनं किती असेल?"

"कारखान्यातली पट्टी नाही ही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडून हातानं ठोकलीय. तोंडाला पोलाद जोडलंय, हा सांधा बघा. असं काम आजोबांच्या पिढीबरोबर संपलं. सत्तर वर्षं तरी झाली."

सांगताना माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू? मग मी पातं उलटं करून उजेडात धरलं. ते एका बाजूनं झिजलं होतं. उजव्या हाताच्या माणसाचं झिजतं त्याच्या बरोबर उलट बाजूनं.

"आत्या," मी विचारलं, "माझे आजोबा कुठल्या हातानं काम करायचे?"

म्हातारीनं हत्याराकडं बघितलं.

"डावरा व्हता," मग ती हळूच म्हणाली. "आमी पोरं त्येला चिडवायचो."

"मग पळाले कसे? नालबंद गाव सोडेल, हत्यार सोडायचा नाही."

बोलता बोलता मी धारेवरून अंगठा फिरवला आणि रक्त आलं. हत्याराच्या मानेवर गंजाचे पापुद्रे सुटले होते, धार मात्र चकचकीत होती. धारेला खुराचं सालपट चिकटलं होतं, पांढरं, ओलं. मी ते नाकाशी नेलं. नुकत्या तासलेल्या खुराचा वास मी लहानपणापासून ओळखतो.

"उद्धवराव... हे कधी काढलंत?"

"आत्ताच. अजून पुसलंही नाही..."

तेवढ्यात मातीच्या ढिगाखालून आवाज आला. खर्र... खर्र... मग थांबला. मग पुन्हा खर्र. आभाळ भरून आलं होतं, वारा अजिबात नव्हता. शेणाचा ओला वास यायला लागला, आणि तिथं तर कित्येक वर्षांत जनावर बांधलेलं नव्हतं.

अंबूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"आरं युनूस... त्यो तासतोय. चवथा पाय ऱ्हायलाय न्हवं त्येचा..."

उद्धवराव मागं सरकले. मलाही घाम फुटला, नाही म्हणत नाही. पण आत होता तो माणूस माझा होता. मी कुदळ उचलली आणि खणायला लागलो.

पहिलं हाड दिसलं आणि आवाज थांबला. भिंतीखाली आजोबा उकिडवे बसलेले होते, नाल मारायला आडव्या पाडलेल्या बैलाच्या पायाशी नालबंद बसतो तसे. डाव्या हाताची बोटं आवळलेली होती.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज झाल्यावर दफन केलं. सगळी कासारवाडी लोटली होती. खांदा द्यायला उद्धवराव पुढं होते. जनाजा त्यांच्या दारावरून निघाला तेव्हा अंबूबाई काठी टेकत उंबऱ्यात आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दस्तगीर पळाला न्हाई. काम सोडून त्यो जागचा हालला न्हाई. आमी खोटं बोललो." माझा बाप हे ऐकायला हवा होता. त्या दिवशी मी गावातून छाती काढून चाललो.

हत्यार माझ्याकडंच आहे, आतल्या खोलीत फळीवर. संध्याकाळी धार लावून ठेवलं की सकाळी ते बोथट झालेलं असतं, आणि खाली ओली सालपटं पडलेली असतात. माझी बायको गौहर म्हणते, मौलवींना बोलवा. मी म्हणतो, कामावरच्या माणसाला कुणी हाकलतं का?

इतके दिवस सालपटं बैलाच्या खुराची होती. गेल्या आठवड्यापासून तशी नाहीत. घोड्याची नाहीत, गाढवाचीही नाहीत. मी नालबंदाचा नातू, पण ती कशाची आहेत ते मला ओळखता येत नाही.

धार मात्र रोज लावतो. आमच्या घरातला माणूस बोथट हत्यारानं काम करणार नाही.