नऊशे नव्याण्णव गेम्सची कॅसेट

"यात चौदाच गेम आहेत," म्हणत मी कॅसेट काउंटरवर आपटली.

दुकानदाराने वर पाहिलं. पंचविशीचा असेल, डोळे हसरे… आणि हसऱ्या डोळ्यांच्या दुकानदारावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

"वर तर नऊशे नव्याण्णव लिहिलंय, मॅडम."

"सगळे लावून पाहिले. पंधराव्यापासून तेच ते… नुसते रंग बदललेले."

तो बघतच राहिला. "आजवर कुणी इतकं पुढं गेलं नाही हो."

गोष्ट नव्याण्णव सालची. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मी माझ्या पहिल्या बोनसमधून घेतला होता. सातपूरच्या कारखान्यात मी तयार नग तपासायचे. मापात बसला तर पास, नाही तर लाल चिठ्ठी. आई म्हणायची, "मंजुषा, स्थळंसुद्धा अशीच तपासतेस, लग्न व्हायचं कसं तुझं?"

दुकानदाराचं नाव भिमाजी. "नाव आजोबांचं, दुकान माझं," तो म्हणाला. "दर शनिवारी येत जा ना. जी कॅसेट पैशाच्या लायकीची नाही, तिला लाल चिठ्ठी लावा."

"आणि मला काय मिळणार?"

"चहा."

पाणी नक्कीच कुठंतरी मुरत होतं. पण शनिवार-रविवार कारखान्याला सुट्टी असायची, म्हणून गेले… आणि जातच राहिले. दुकानातल्या टीव्हीवर कॅसेट लावून खेळताना गेमचा रिमोट देताघेता त्याची बोटं लागायची, मग दोघंही उगाच टीव्हीकडे बघायचो. गाड्यांच्या शर्यतीत तो मुद्दाम हरायचा. मुद्दाम हरणारा माणूस तर मला आणखीच संशयास्पद वाटायचा.

दोन महिन्यांनी एका शनिवारी बघते तर माझ्या लाल चिठ्ठ्यांच्या कॅसेटचा कप्पा रिकामा. याच्यावर आपला जीव जडलाय, हे मला नेमकं तेव्हाच कळावं…

"विकल्यात ना? चिठ्ठ्या काढून?"

भिमाजीने काउंटरखालून एक खोकं ओढलं. सगळ्या कॅसेट आत होत्या आणि प्रत्येकीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती.

"समोर दिसल्या की गिऱ्हाईक मागायचं. म्हणून आत ठेवल्या."

"नुकसान झालं असेल."

"झालं. पण तुम्ही यायचं बंद केलं असतं, तर जास्त झालं असतं."

रडू येईलसं वाटलं, म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या. "आणि तुमच्यात किती गेम आहेत?"

"एकच. नऊशे नव्याण्णवपर्यंत गेलीस, तरी तोच निघेल."

"गेलीस?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे… गेलात."

"तपासावं लागेल," मी म्हणाले. "एका शनिवारात व्हायचं नाही हे काम."

"मग रविवारीही दुकान उघडं ठेवतो."

मी उरलेल्या कोऱ्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा पर्समध्ये टाकला.

"नको," मी म्हणाले. "रविवारी बंद ठेव."