वारा नसतानाचा डबा

धडधड करत कचऱ्याचा डबा उतारावरून निघाला आणि त्याच्यामागे मी. वाऱ्याने झाकण उघडं, केळ्यांची सालं रस्ताभर... गल्लीच्या तळाशी वेल्डिंगचं दुकान होतं. तिथल्या वेल्डरने पाय आडवा घालून डबा थांबवला आणि काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"कचरा टाकायला एवढ्या लांब येता?"

"चाकं आहेत ना त्याला. माझं कोण ऐकतंय!"

तो हसला. गालावर काजळीचा पट्टा होता. मी नको तितका वेळ तिकडेच बघत राहिले.

डबा फाटकाला बांधायला त्याने दोरी दिली, गाठही शिकवली — "हे टोक ओढलं तरच सुटेल." मग काय... डबा वरचेवर सुटू लागला. आई वैतागायची, "या डब्याला तुझ्यासारखेच पाय फुटलेत!"

डबा वर ढकलताना दांड्यावर आमचे हात शेजारी-शेजारी असायचे. ढकलता ढकलता 'तुम्ही'चं 'तू' झालं. बोलणं मात्र डब्याचंच...

आणि मग त्याचे मेहुणे गेले. ताई, तिची दोन लहान लेकरं, मेहुण्यांचं बंद पडलेलं दुकान — सगळं दूरच्या गावात, आणि आता सगळं त्याच्यावर.

जायच्या दिवशी सकाळीच तो आमच्या दारात आला. भिंतीला लोखंडी पट्टी ठोकली, डब्याभोवती कडं घातलं.

"कचरागाडी आली की ही कडी काढायची. वादळ आलं तरी जागचा हलणार नाही."

आज नाही बोलले तर कधीच नाही.

"दोरी... मीच सोडायचे."

त्याने मान वर केली नाही. "ठाऊक आहे. पान हलत नसायचं, तरी तुझा डबा हजर."

"मग हे कशाला?"

"मी नसताना तो खाली गेला आणि... दुसऱ्याच कुणी अडवला तर?"

मला हसू आलं. "मी थांबेन. कितीही."

"नको गं. पोरं अजून केवढीशी आहेत. कुठल्या तोंडाने तुला थांब म्हणू?"

पाना नटावर बसेना.

"जरा धर ना... हलतोय."

मी दोन्ही हातांनी डबा भिंतीशी दाबून धरला. त्याने शेवटचा नट आवळला.