दोन ते सहाच्या नोंदी

वीज कधी गेली आणि कधी आली, हे मी वहीत लिहून ठेवतो. अकोल्याच्या एका महाविद्यालयात मी कारकून आहे. कॉम्प्युटर पुस्तकं वाचून शिकलो, आणि काम मध्येच तुटलं तर कुठून तुटलं ते कळावं म्हणून ही सवय लागली. ती वही नसती, तर १७ एप्रिल २००८ची ती दुपार मी भास म्हणून सोडून दिली असती.

त्या सकाळी मी अकोटवरून एसटीनं अंजनगाव सुर्जीला गेलो. अब्दुल गफ्फार यांचं तिथं मोटार वाइंडिंगचं दुकान, मागं घर. दुकानातला कॉम्प्युटर बिघडला म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. विहिरी आटल्यापासून दुकानात जळकी मोटार आलेली नव्हती. तांब्याच्या तारेची रिळं धूळ खात होती.

"आओ खुशालभाऊ," ते म्हणाले. "मशीन इतवारपासून गुंगी झाली. अन् पोरीचा पेपर परवा हाय."

पोरगी म्हणजे नाजिया. तिला जन्मापासून दिसत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, इतिहासाची पुस्तकं मराठीत, आणि गफ्फारभाईंना वाचता येई ते उर्दू. तिचा भाऊ शाकीब तिला धडे वाचून देई. स्वतःच्या आवाजात ते मशीनमध्ये भरून ठेवी आणि ऐकण्यासाठी त्यानं स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता. नाव ठेवलं होतं वाचक. धडे दुसऱ्या कशानंही उघडत नसत. बारा धड्यांपैकी आठवा अर्ध्यावर आला, तेव्हा बापानं हाक मारली, "शाकीब, चल बेटा, तार आणायची हाय." स्टूल सरकल्याचा आवाज, आणि रेकॉर्डिंग तिथं संपतं. अकोट रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रक लागला आणि तो जागीच गेला. त्याला पाच महिने झाले होते.

त्या मशीनवरची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मीच त्याला दिली होती. तिच्यात तयार असं काही मिळत नाही. प्रत्येक गोष्टीचा मूळ कोड आणायचा आणि मशीननं तो आपल्या अंगाला बसेल असा तासन्‌तास बनवत बसायचं. शाकीब म्हणे, "काका, हे रेडिमेड नाही, शिवून घेणं हाय." दर रविवारी मशीननं आपणहून अद्ययावत व्हावं, अशी सोयही त्यानं करून ठेवली होती.

तिथंच घोटाळा झाला होता. वाचक पायथन या भाषेत लिहिलेला. रविवारी मशीननं पायथनची नवी आवृत्ती आणली, आणि वाचकाला लागणारे भाग राहिले जुनीच्या घरात. ते भाग नवीसाठी पुन्हा बनवले की झालं. तीन-चार तासांचं काम होतं.

पण मला नीटनेटकेपणाची खोड आहे. एका घरात दोन आवृत्त्या कशाला, म्हणून मी आधी जुनी काढून टाकली. मग काम सुरू करायला गेलो, तर मशीन हूं की चूं करेना. रविवारी वीज गेली होती आणि नवी अर्धवटच बसली होती. आणि या प्रणालीत जो प्रोग्राम सगळं बसवतो, तो स्वतःच पायथनवर चालतो. जुनी मी काढलेली, नवी अर्धी, आणि बसवणाराच मेलेला. आठ धडे आत कोंडले गेले होते, आणि ते माझ्या हातानं झालं होतं.

दोन वाजून चार मिनिटांनी वीज गेली. मी वेळ लिहिली आणि मशीनची पिन भिंतीतून काढून ठेवली.

"आता लाइन सहाले येईन," गफ्फारभाई म्हणाले आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

मी नाजियाला खरं सांगितलं. तिनं पुस्तक चाचपून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "मंग काका, लाइन येईस्तवर नववा तरी वाचून द्या मले. तो तं भाईनं वाचलाच नव्हता."

मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून मी नववा धडा वाचू लागलो. बाहेर ऊन असं होतं की कुत्रंही भुंकत नव्हतं. पंखा थांबलेला. दोन पानं झाली असतील, तेव्हा दुकानाकडून आवाज आला. बारीक, करकरणारा. कोड बनवताना मशीनची डिस्क करते तसा.

मी थांबलो. तोही थांबला.

"शेजारी जनरेटर आहे का?" मी विचारलं.

"नाही... मशीनच असंन ते. रोजच असते. पंखा बंद झाला की ऐकू येते. मले वाटलं तिले बॅटरी हाय."

तिला बॅटरी नव्हती. मी उठून दुकानात गेलो. पडदा काळा, पिन जमिनीवर, मी ठेवली होती तशीच. मशीनच्या डब्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तापलेल्या तव्यासारखा. आणि वास येत होता वाइंडिंगच्या ओल्या वार्निशचा. त्या दुकानात हिवाळ्यापासून कुणी वार्निशचा डबा उघडला नव्हता.

परत येऊन बसलो. 

"काहून थांबले, काका?"

"नाजिया... आज राहू देऊ का?"

"परवा पेपर हाय," ती हळू म्हणाली. "वाचा ना."

मी वाचलं. मी वाचत असेपर्यंत तो आवाज चालू असे. खोकला आला, पान उलटलं, की तो थांबे आणि वाट पाही. माझ्यामुळे तिचे आठ धडे गेले होते, म्हणून मी नववा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

सहा वाजून एक मिनिटाला वीज आली. मी पिन लावली. मशीन सुरू झाली आणि जुनी आवृत्ती जागेवर होती. वाचक पहिल्या फटक्यात उघडला. काय कधी बनलं याची नोंद मशीन स्वतः ठेवते, ती मी पाहिली. सुरुवात दोन वाजून अकरा. शेवट पाच वाजून अठ्ठेचाळीस. मग मागच्या नोंदी चाळल्या आणि गफ्फारभाईंनी सांगितलेल्या वेळांशी ताडून पाहिल्या. पाच महिने, जवळपास रोज काही ना काही बनत होतं. सगळं भारनियमनाच्या वेळातलं.

"लागली का, काका?" नाजियानं विचारलं. वाचक धड्यांची यादी बोलून दाखवी, ती तिनं ऐकली. आठपर्यंत शाकीब. त्याखाली नववा.

नवव्यात माझा आवाज होता. मधला खोकलाही होता. त्या घरात माइक शाकीबनंतर कुणी जोडलेला नव्हता.

"अन् हा दहावा?" ती म्हणाली. "तुमी कधी वाचला?"

मी वाचला नव्हता. पण आवाज माझाच होता, सावकाश, जरा थकलेला. मागं घड्याळाचे ठोके पडले, चार. ते माझ्या अकोल्याच्या घरातलं घड्याळ होतं. तिसरा ठोका जरा घोगरा पडतो, तो बत्तीस वर्षं ऐकतो आहे. "दुष्काळात अनेकांनी गावं सोडली, परंतु जे मागे राहिले, ते..." इथं माझा आवाज थांबला. खुर्ची सरकली. आणि कुणीतरी अगदी जवळून, हसतच म्हटलं, "काका, चला."

नाजियाचा चेहरा उजळला होता.

"भाई हाय," ती म्हणाली.

दहावा पुढं न वाचताच मी त्या संध्याकाळी अकोल्याला निघून आलो. त्या पेपरात ती सहा गुणांनी राहिली. दहाव्याच्या उरलेल्या अर्ध्यावर मोठा प्रश्न आला होता. पुन्हा पेपर ऑक्टोबरात. तिनं एसटीच्या पार्सलनं पुस्तक पाठवलंय आणि फोनवर एवढंच म्हणाली, "काका, तेवढा दहावा घरूनच वाचून पुरा करून द्या. बाकी कोणाचा आवाज मशीन घेत नाही. अब्बानं करून पायलं."

दुसऱ्या कुणाला वाचायला सांगण्याचा धीर मला होत नाही. आणि नाही म्हणण्याचं तोंडही मला नाही.

एप्रिलमध्येच मी घरातल्या घड्याळाला किल्ली देणं बंद केलं. पाच महिने लंबक सरळ उभा होता. आज जेवण करून पुस्तक उघडलं, दहावा धडा काढला आणि तारीख लिहायला वही घेतली, तेव्हा घड्याळाची टिकटिक ऐकू आली. चाराला सात मिनिटं कमी आहेत. वीज दोनलाच गेली आहे, आणि खोलीत वार्निशचा वास येतो आहे.