कोरा ठसा

पुण्याच्या स्मृतिविज्ञान प्रयोगशाळेत चपला बाहेर काढाव्या लागत नाहीत, तरी शालन नलवडे यांनी त्या काढल्या. देऊळ काय आणि ही जागा काय, आत आपला मुलगाच भेटणार असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांचे यजमान हणमंतराव मात्र चपलांसकट आत आले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

सुयश सीमेवरच्या लढाईत गेला तेव्हा जेमतेम विशीत होता. त्याला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती आणि त्याचा आवाज कुठेच उरला नव्हता. मोबाइल त्याच्याबरोबरच गेला. चुलत बहिणीच्या लग्नाच्या चित्रफितीत तो जिलब्यांचं ताट घेऊन पळताना दिसतो, पण ऐकू येतो तो नुसता बँड. डोळे मिटण्याआधी एकदा पोराचा आवाज ऐकायचा, एवढीच शालनबाईंची इच्छा होती. कुणीतरी या प्रयोगाची बातमी सांगितली आणि त्यांनी नवऱ्याला ओढतच इथं आणलं.

डॉ. अरुंधती गद्रे यांनी शालनबाईंच्या डोक्यावर स्मृतिवाचकाची तारांची जाळी बसवली.

"मावशी, तो घरातून निघाला ती सकाळ आठवा. आठवताना मेंदूत जो आवाज उमटतो, तो हे यंत्र आपल्याला ऐकवेल, साठवूनही ठेवेल."

आठवायला कितीसा वेळ लागणार? ती सकाळ त्या रोजच आठवत होत्या. कर्ण्यातून खणखणीत आवाज आला, "माते, तुझ्या हातचा हा घास मला रणांगणावर बळ देईल. आशीर्वाद दे."

शालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "ह्योच. ह्या हातानं दहीभात भरवला मी त्याला. मिशीला दही लागलं हुतं त्याच्या."

हणमंतराव खिडकीपासून वळले. "मिशी नव्हती त्याला, शालन. मिसरूडसुदीक धड फुटलं नव्हतं."

त्यांच्या गावी, कातळवाडीत, दरवर्षी पुण्यतिथीला शाळेच्या पटांगणात 'वीर सुयश' नाटक होतं. सुयश होणारा पोरगा दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, मिशी आणि आईनं भरवायचा दहीभात तेवढा तोच. वीरमातेचा मान म्हणून शालनबाई पहिल्या रांगेत बसायच्या. हणमंतराव तिकडे कधी फिरकले नाहीत. घरात पोराचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जायचे. बाप आहे की धोंडा, असं गाव म्हणायचं, आणि खोटं कशाला बोला, शालनबाईही म्हणायच्या.

गद्रेंचे सहकारी डॉ. मुजावर, आठवणीचा मूळ ठसा किती उरलाय ते दाखवणाऱ्या ठसामापकाच्या पडद्याकडे बघत होते. "संपूर्ण पुनर्लेखन झालंय," ते गद्रेंना हळूच म्हणाले. "मूळ ठशाचा अंशही शिल्लक नाही."

"म्हंजे काय, ते मला सांगा," शालनबाई म्हणाल्या.

गद्रे त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे. आपण आठवलं की मेंदू ती बाहेर काढतो आणि परत ठेवताना नव्यानं लिहून ठेवतो. त्या वेळी समोर जे असेल, ते तिच्यात मिसळतं. म्हणून जी आठवण सगळ्यात जास्त वेळा काढली, ती सगळ्यात जास्त बदलते."

"म्हंजे मी लई आठवलं, म्हणून त्यो पुसला?"

मुजावर म्हणाले, "एखाद्यानं ती सकाळ मुद्दाम दाबून ठेवली असेल, एकदाही बाहेर काढली नसेल, तर ती जशीच्या तशी मिळते. आम्ही त्याला कोरा ठसा म्हणतो. पण तो एकदाच वाचता येतो. वाचला की तोही नव्यानं लिहिला जातो."

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या. त्या सकाळी सुयशला एसटीच्या थांब्यावर सोडायला एकटे हणमंतराव गेले होते.

"ती सकाळ नको," ते म्हणाले. "दुसरी बघा. विहिरीत पोहायला शिकवलं ती बघा."

गद्रेंनी त्यांनाही दुसरी जाळी बसवून ती मापून पाहिली, तर ती पार झिजून गेलेली. सायकलची, भरतीच्या दिवसाची, सगळ्यांची तीच गत. गोठ्यात म्हशींच्या साक्षीनं या माणसानं आपला मुलगा उगाळून उगाळून संपवला होता. कोरी राहिली होती फक्त थांब्यावरची सकाळ.

"त्या सकाळबद्दल शब्द घेतलाय त्यानं माझ्याकडनं," हणमंतराव म्हणाले.

"कसला शब्द?"

"ते सांगितलं तर शब्द राहिला कुठं?"

शालनबाई डोक्यावरच्या जाळीसकट उठल्या आणि नवऱ्याच्या पायाशी फरशीवर बसल्या. "आजवर तुमाला धोंडा म्हनले. माजं चुकलं. पर मला त्याचा आवाज द्या. मी दुसरं काय मागते का तुमच्याकडं?"

हणमंतरावांनी चपला काढल्या आणि खुर्चीत जाऊन बसले.

कर्णा खरखरला. एसटीच्या इंजिनाची घरघर आली, आणि तिच्यावरून एक बारीकसा, नाकातला, घाईतला आवाज.

"अप्पा, जावा आता घरी. आन् आईला सांगू नका, मी न जेवता निघालोय. एकाएकी बोलावणं आलं, त्या गडबडीत तिचं पिठलं करपलं, रडत हुती. मी खाल्लं म्हणून सांगितलंय. पानातलं मोत्याला घातलं. भूक लागलीया, पर कराडात खाईन कायतरी. सांगू नका हां. शब्द द्या."

शालनबाई वाट बघत राहिल्या. हे कुणाचं तरी पोर बोलतंय, आता आपला सुयश बोलेल, असं त्यांना वाटत होतं. हा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. करपलेलं पिठलं त्यांनी आठवून पाहिलं. दहीभातच आठवला. 'ह्यो कोण?' हा प्रश्न अगदी ओठांवर आला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. हणमंतराव लहान मुलासारखे रडत होते. इतकी वर्षं जपलेलं त्यांनी देऊन टाकलं होतं. आता त्यांच्याही थांब्यावरच्या आठवणीत ही खोली आणि फरशीवर बसलेली शालन येऊन ठेपणार होती.

"त्योच," शालनबाई त्यांना म्हणाल्या. "अगदी त्योच."

ऐकणाऱ्याच्या मेंदूला आवाज ओळखीचा वाटला की पडद्यावर दिवा लागतो; शालनबाईंचा दिवा मुळीच लागला नव्हता. गद्रेंनी ते पाहिलं आणि त्या शालनबाईंच्या कानाशी वाकल्या. "मावशी, ओळख पटली नाही ना?"

शालनबाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाई, आठवताना समोर जे असंल ते मिसळतं, असं म्हनला न्हवं तुमी?"

"हो."

"मग मी ती सकाळ आठवते, तुमी ह्यो आवाज लावा. परत परत लावा."

"पण तुमच्या मनातला जाईल, मावशी. तुम्ही भरवलंत तो. पुन्हा मिळायचा नाही."

तो मुलगा खोटा असेल, पण इतकी वर्षं शालनबाईंनी त्याच्याच जिवावर काढली होती. रोज सकाळी तो त्यांच्या हातचं खाऊन जात होता. त्याला स्वतःच्या हातानं निरोप द्यायचा म्हणजे काळजाचा लचका तोडण्यासारखंच होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"जाऊ द्या त्याला. त्यो जेवून गेलाय," त्या म्हणाल्या. "ह्यो उपाशी हाय. ह्याला घरात घ्यायला पायजे."

गद्रेंनी कळ दाबली. एसटीची घरघर पुन्हा सुरू झाली.