शिंप्याची पाच हजार पावलं

दवाखान्याच्या जिन्यात तिचा धक्का लागला आणि त्याच्या हातातला मोबाइल खाली पडला.

“फुटला?”

“छे! माझ्या काळजापेक्षा बराच टणक आहे,” तो हसला.

तो शिंपी होता. वय छत्तीस, आणि तीन आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. ती तिथेच रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. पावलं मोजणारं ॲप तिनंच त्याच्या मोबाइलवर टाकून दिलं. रोजचा आकडा तिला दिसायचा आणि संध्याकाळी ती लिहायची, ‘शाब्बास!’

‘मी काय शाळेत आहे?’ त्यानं लिहिलं.

‘मग काय लिहू?’

‘तुम्हीच ठरवा... मॅडम.’

ती गालात हसली. ‘पाच हजार होऊ देत. मग मीच येईन तुमच्याबरोबर चालायला.’

आठवडाभरात पाच हजार झाले! एरवी आकडा असा उडी मारू लागला, की ती रुग्णाला फोन करून खोदून खोदून विचारायची. या वेळी तिनं फक्त आरशात केस सारखे केले. आकडे पाहून डॉक्टरांनीही चढावर चालायची परवानगी दिली.

रविवारी सकाळी बागेमागच्या चढावर पन्नास पावलांतच तो थांबला. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. तिनं त्याला कठड्यावर बसवलं, दवाखान्याची गाडी बोलावली आणि त्याचं मनगट धरलं.

“रोज पाच हजार चालता ना?”

“फोन मोज्यात घालायचो... आणि शिलाई मशीन चालवायचो. पाय हलतोच की दिवसभर. घराबाहेर पडलो की छातीत धस्स व्हायचं. आणि तुमचं शाब्बास तर हवं होतं...”

“अहो, जीव गेला असता!”

“रागावलात?”

“स्वतःवर जास्त. आकडा खोटा वाटत होता मला. पण विचारलं नाही... तुम्ही आवडायला लागला होतात.”

त्याचा चेहरा उजळला. “मग आता खरंच चालतो. अगदी दहा पावलांपासून.”

“चाला. पण तुमचे आकडे उद्यापासून दुसऱ्या मॅडम बघतील.”

“आणि आपण?”

“मी समोर असले, की तुम्ही ठणठणीत असल्याचं सोंग आणणार. आणि मला ते खरं वाटणार. नको...”

गाडी आली. नर्स त्याला आत घेऊ लागली.

“नाडी किती?”

तिनं आकडा सांगितला, अगदी खरा. मग त्याचं मनगट सोडलं.